आधी की नंतर

अरविंद,

तू सांगितलंस तसं मी केलं. रडलो नाही, हात जोडले नाहीत, अल्लाचं नाव घेतलं नाही, तुझ्या देवांचं तर नाहीच. खुर्ची तुझ्या उशाशी ओढली आणि बघत राहिलो. मरणाऱ्या मित्राकडे असं बघायचं नसतं हे मला कळत होतं. तुलाही कळत होतं. तरी तू सांगितलंस, कारण तुला वाद जिंकायचा होता. मी ऐकलं, कारण मलाही जिंकायचा होता.

कॉलेजच्या अंकाला तुझ्यावर चार पानं हवी आहेत. विद्यार्थीप्रिय, निगर्वी, साधी राहणी, हे लिहायला तिथे माणसं आहेत. तू विद्यार्थीप्रिय नव्हतास. मुलं तुझ्या तासाला शेवटच्या बाकांसाठी भांडत. तू निगर्वी तर मुळीच नव्हतास. मी जे लिहितो आहे ते अंकात जाण्यासारखं होणार नाही, आणि तू वाचणार नाहीस, म्हणून सावकाश लिहितो.

आपण दोघे महाडच्या कॉलेजात नवे होतो. मी गणित शिकवायचो, तू पदार्थविज्ञान. मी फळ्यावर खडू टेकवून मुलांना सांगत होतो, हा बिंदू, याला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही. तू व्हरांड्यातून जात होतास. न विचारता वर्गात आलास, फळ्यावरचा ठिपका बोटाने पुसलास आणि पांढरं झालेलं बोट मुलांना दाखवलंस. "मग हे काय आहे?" मुलं हसली. मी त्या दिवशी घरी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्या टेबलाशी जाऊन म्हटलं, खडूचा डाग म्हणजे बिंदू नव्हे, तो बिंदूचा पत्ता आहे. तू म्हणालास, "पत्ता आहे, घर नाही. असल्या पत्त्यावर पोस्टमन पाठवशील?"

तिथून जे सुरू झालं ते तुझ्या खाटेपर्यंत चाललं. जगात खरोखर कुठे बिंदू आहे का, की तो फक्त आपल्या कागदावर आहे, एवढाच वाद. लोकांना तो पोरकट वाटे. तुझा भाऊ, धोंडूदादा, म्हणायचा, "दोन शिकलेली माणसं टिंबावरनं भांडतात. आमी निदान बांधावरनं भांडतो."

पाचाडला मुलांची सहल नेली होती ते आठवतं? खानावळीच्या अंगणात आपण उन्हात चहा घेत होतो. स्टीलच्या पेल्यात चहावर उजेडाची एक कमान पडली होती. दोन्ही कडांनी आत वळत आलेल्या रेघा मधोमध एका टोकाला मिळत होत्या. मी म्हटलं, बघ, हा बिंदू मी काढलेला नाही. तू पेला डोळ्यांजवळ धरलास. "किरणांच्या गणिताप्रमाणे या टोकावर प्रकाश अनंत हवा. मग चहा उकळत का नाही?" आणि सगळा चहा एका घोटात पिऊन टाकलास. "कोमट आहे." मग मुलांना तू समजावलंस, आणि ते मात्र मी कधी विसरणार नाही, इतकं छान समजावलंस. टोक जवळून पाहिलं की ते टोक राहत नाही. प्रकाश ही लाट आहे, तिला तेवढं अणकुचीदार होताच येत नाही, तिथे बारीक बारीक पट्टे असतात. जवळ जा, टोक बोथट होतं. प्रत्येक वेळी.

एका मुलीने कृष्णविवराचं विचारलं. तिथे मध्याशी सगळं वस्तुमान एका बिंदूत जातं, घनता अनंत होते, त्याला सिंग्युलॅरिटी म्हणतात, असं पुस्तकात आहे सर. तू म्हणालास, "पुस्तकात आहे. एसटीच्या वेळापत्रकात शेवटच्या थांब्यापुढे काही लिहिलेलं नसतं. म्हणून रस्ता संपतो का? वेळापत्रक संपतं. अनंत हे निसर्गाचं उत्तर नव्हे, ते आपण हात वर केल्याची खूण आहे." ती मुलगी आज कुठेतरी हेच शिकवते. तुझ्या अंत्ययात्रेला ती आली नाही. तू तिला वर्गात दोनदा रडवलं होतंस.

माझ्याकडे एकच खरं हत्यार होतं. इलेक्ट्रॉन. त्याला रुंदी आहे असं आजवर कुणालाही दाखवता आलेलं नाही. जवळ जा, आणखी जवळ जा, टोक बोथट होत नाही. हे मी स्टाफरूममध्ये म्हटलं तेव्हा तू पहिल्यांदा हातातला कप खाली ठेवलास. मग म्हणालास, "सापडली नाही म्हणजे नाहीच, असं नव्हे." मी म्हटलं, मग देवाबद्दलही असंच म्हण. सगळे हसले. तुझ्यावर हसले, आणि ते तुला सोसलं नाही. चष्मा काढून पुसत तू सगळ्यांना म्हणालास, "लांबी नाही, रुंदी नाही, पण आहे म्हणे. मुनीरच्या संसारासारखं."

मी लग्न केलेलं नव्हतं. का केलं नव्हतं हे तिथे फक्त तुला माहीत होतं, कारण मी फक्त तुला सांगितलं होतं. स्टाफरूम पुन्हा हसली, या वेळी माझ्यावर. संध्याकाळी तू मला पोलादपूरच्या बसमध्ये बसवून घरी जेवायला नेलंस आणि वहिनींना म्हणालास, "याला दोन मासे जास्त वाढ." माफी मागितली नाहीस. तुझ्या मते मासे म्हणजेच माफी. मी खाल्ले. पुढे मी तुमच्याच घरी जेवत राहिलो. तुझी मेघना रांगायला लागली ती माझ्या सदऱ्याला धरून. त्या एका वाक्याने तू मला दुखावलंस आणि मग घर दिलंस. दोन्हींचा हिशोब एकमेकांत वळता होत नाही, अरविंद. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

तुमच्या वाडीवर, उमरठच्या बाजूच्या डोंगरावर, तू मला चढवून नेलंस तेही मला हरवायलाच. माथ्यावर जुन्या मोजणीचा दगड आहे. दगडात वर्तुळ कोरलेलं, मधोमध एक खळगा. याच बिंदूवरून सगळ्या मुलखाचे कोन मोजले, असं म्हणून तू त्या खळग्यात अंगठा घातलास. "मावतो. तुझा बिंदू माझ्या अंगठ्याएवढा आहे." खळग्याला शेंदूर फासलेला होता. धोंडूदादा मागून धापा टाकत आला, त्याची म्हैस चुकली होती.

"हात काढ रे, देव हाय तो."

"दादा, सर्वेचा दगड आहे हा."

"सर्वेवाले गेले ना? ह्यो राहिला ना?"

"म्हणून देव?"

"दोन मास्तर एवढा डोंगर चढून त्याला बघायला आले. देव नाय तर काय मग?"

आपण दोघे इतके हसलो की म्हैस झुडपातून आपणहून बाहेर आली.

आणि माझी अम्मी गेली तेव्हा. कब्रस्तानात तू टोपी घालून माझ्या शेजारी उभा होतास, कधी नव्हे तो गप्प. सगळ्यांसारखी माती दिलीस. परतताना माझ्या कानाशी आलास. मला वाटलं, आता हा काहीतरी चांगलं बोलेल. तू म्हणालास, "कबरीचा कोपरा काटकोनात नव्हता." त्या दिवसातलं मला फक्त तेवढंच आठवतं. मी भर रस्त्यात हसलो आणि मग रडता आलं. हे तू मुद्दाम केलंस की तुला खरंच तो कोपराच दिसला, हे विचारायचं राहून गेलं.

मग तुझं पोट दुखू लागलं. वहिनींना तू अल्सर सांगितलास, आणि कितीतरी महिने अल्सरच सांगत राहिलास. चेहऱ्यावर एक रेघ न हलवता. मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं तेव्हा वहिनींना कॅन्सरचं कळलं. तेव्हाही त्या तुला काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं ना, मुनीरभाऊ?" मी मान हलवली. मला खोटं बोलता येत नाही, हा माझा गुण म्हणून सगळीकडे सांगितला जातो.

खाटेवर पडल्या पडल्या तू शेवटचा डाव मांडलास. हायवेच्या ट्रकांनी खिडकीची काच थरथरत होती. "शेवटी तू बस. सुनंदाला बसवू नकोस. ती रडेल, तिला काही दिसणार नाही. तू बघ."

"काय बघू?"

"तुझा बिंदू. माणूस आहे, आणि माणूस नाही. मधे काहीतरी असेल ना? एक क्षण, लांबी नसलेला. सापडला तर मी हरलो."

"आणि नाही सापडला तर?"

"तर मी जिंकलो, आणि हरल्याचा चहा मला पाजायचंही तुझं चुकलं."

किती निष्ठुर होतं हे, तुला कळलं होतं का? ज्या बाईने तुझं अंग पुसलं तिला तू तुझ्या मरणातून बाहेर ठेवलंस, आणि मला त्यात परीक्षक म्हणून बसवलंस.

त्या दुपारी वहिनींनी विचारलं, बसू का? मी म्हटलं, थोडी पेज करता का, घेतील कदाचित. तू पेज घेणार नव्हतास, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्या आत गेल्या.

तर ऐक, काय दिसलं ते. मनगटाची नाडी आधीच लागेनाशी झाली होती, पण मानेवर बोट ठेवलं की काहीतरी फडफडत होतं. श्वास यायचा, मग थांबायचा. मी म्हणायचो, हाच. मग तो पुन्हा यायचा. असं पुष्कळ वेळा झालं. प्रत्येक वेळी मी क्षण पकडला होता आणि प्रत्येक वेळी तू तो परत घेतलास. शेवटचा श्वास शेवटचा आहे, हे तो घेतला जात असताना कळत नाही. पुढचा आला नाही म्हणजे मग कळतं, आणि पुढचा आला नाही हे तरी कधी कळतं? मी वाट पाहत होतो. मानेवरची फडफड मला लागत होती की माझ्याच बोटातली होती? तुझा गळा एकदा हलला. तो श्वास नव्हता. एक माशी तुझ्या पापणीवर बसली आणि पापणी मिटली नाही, पण ती त्याआधीही मिटत नव्हती. जवळ गेलो, टोक बोथट झालं. शेवटी कधीतरी मी पाहिलं की मी एका मेलेल्या माणसाकडे पाहतो आहे, आणि हे बराच वेळ चाललं आहे.

तेव्हा मी वहिनींना हाक मारली. त्या पेजेची वाटी घेऊनच आल्या.

धोंडूदादा आला. मेघना बाळंतपणाला माहेरी आलेलीच होती, ती भिंतीला धरून उभी राहिली. डॉक्टर नाडी बघून गेले. महाडच्या गुरुजींना फोन लावला, आणि फोनमधून सगळ्यांना ऐकू येईल असा प्रश्न आला. "गेले कधी? पंचक आज दुपारीच लागलंय. आधी की नंतर, तेवढंच सांगा."

तुझ्या घरात पंचक कधी कुणी उच्चारलं नव्हतं, कारण तू उच्चारू दिलं नव्हतंस. चंद्र कुंभ राशीत शिरला की ते लागतं, आणि त्यात माणूस गेला तर घरातले आणखी पाच ओढून नेतो म्हणतात. तू असतास तर गुरुजींना विचारलं असतंस, चंद्राची कड शिरली की शिरला, की अर्धा शिरल्यावर? आणि गुरुजींनी फोन ठेवला असता. पण तू बोलणाऱ्यांतला उरला नव्हतास. सगळे माझ्याकडे पाहू लागले. खोलीत मी एकटा होतो. पंचक लागायची वेळ माझ्या त्या बऱ्याच वेळाच्या मधेच कुठेतरी पडत होती.

धोंडूदादाने मला दंडाला धरून अंगणात नेलं. "आधीच गेला म्हन. पोरगी दोन जिवांची हाय. कोन बघत व्हतं?"

"मी बघत होतो, दादा."

आत येऊन मी म्हटलं, "मला माहीत नाही."

गुरुजी म्हणाले, "संशय असेल तर विधी करून टाकलेला बरा."

मग वहिनींनी पीठ मळलं. ओढून न्यायच्या पाच जणांच्या बदली पाच पुतळे केले, बोटाएवढे, डोकं आणि हात असलेले. मेघनाला हे बघायचं नाही म्हणून आतल्या खोलीत बसवलं होतं, पण घर तुझं लहान आहे. दार पूर्ण लागत नाही. ती बोटं मोजत होती, मला दिसली. आई, काका, नवरा, आपण स्वतः. मग तिने पोटावर हात ठेवला आणि पाचवं बोट मिटलं. त्यात मी नव्हतो. मला त्याचं वाईट वाटलं, अशा वेळीही वाटलं, हे तुलाच सांगू शकतो.

सावित्रीच्या काठी तुला चितेवर ठेवलं तेव्हा ते पुतळे तुझ्या अंगावर होते. तू, ज्याने आयुष्यात पत्रिका पाहिली नाही. मला एक दुष्ट समाधान झालं. मी मनात म्हटलं, घे. बिंदू नाही म्हणालास ना? मी मान्य केलं, सगळ्यांदेखत. हा तुझा विजय, पिठाचा, पाच नग.

पुढचे काही आठवडे मी याच समाधानावर काढले. मग महाडच्या स्टँडवर धोंडूदादा भेटला. "पोरगी जेवत नाय. झोपत नाय. फोन वाजला का दचकते. जावय भेटून परत निघाला का दारात जाऊन उभी ऱ्हाते." त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "आधी गेला येवढं बोलायला तुजं काय गेलं असतं रे?"

"वाद गेला असता," मी म्हटलं.

"मेलेल्याशी वाद?" तो थुंकला, माझ्या पायांपासून जरा दूर, आणि त्याच्या गाडीकडे गेला.

मी बाकावर बसून राहिलो, आणि तिथे मला माझी चूक दिसली. गणितातली चूक, अरविंद, तुला आवडली असती. मला वाटत होतं, 'माहीत नाही' म्हणून मी तुझी बाजू मान्य केली. पण तुझं म्हणणं होतं की तसा क्षण नाहीच. क्षणच नसेल तर आधी की नंतर या प्रश्नाला उत्तर नाही, आणि जिथे खरं उत्तर नाही तिथे खोटंही नाही. तुझ्या बाजूचा माणूस बेधडक 'आधी' म्हणाला असता. त्याला अडवणारं काही नव्हतं. 'माहीत नाही' असं फक्त तोच म्हणतो ज्याची खात्री आहे की क्षण होता, ठरलेला होता, आणि आपल्या नजरेतून निसटला. मी हरलोच नव्हतो. पुतळे माझ्या बाजूने मळले गेले. मेघना जागी राहत होती ती माझ्या बिंदूसाठी.

तू माझ्या जागी असतास तर पापणी न लववता वेळ सांगितली असतीस, मिनिटासकट. मग बाहेर येऊन मला म्हणाला असतास, खोटं बोललो रे, चल. तू माझ्यापेक्षा वाईट माणूस होतास, आणि तुझ्या घरातली माणसं तुझ्याजवळ जास्त सुरक्षित होती.

काल मी पोलादपूरला गेलो. वहिनी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी पायरीशीच उभा राहिलो.

"वहिनी, सांगायचं होतं. अरविंद आधी गेला. पंचक लागायच्या आधी."

त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "आज आठवलं?"

"हो."

"त्या दिवशी हे म्हणाला असतात ना, मुनीरभाऊ, तर मी जन्मभर खरं धरलं असतं. मला कुठे विचारायचं होतं तुम्हाला, कसं बघितलंत म्हणून. मला पेज करायला पाठवून तुम्हीच बघत होतात." त्यांनी एक खडा काढून अंगणात टाकला. "आता काय करू याचं? पुतळे माझ्या हाताने मळले मी."

"मेघनाशी बोलू का? मी सांगतो तिला."

"नको. तुम्ही खोटं बोलत नाही, हे तिच्या डोक्यात लहानपणापासून बसलंय. तुम्ही माहीत नाही म्हणालात, म्हणूनच तर ती एवढी घाबरली. दुसरं कुणी म्हणालं असतं तर हसली असती." त्या पुन्हा निवडू लागल्या. "आता हे सांगायला गेलात तर तिला वाटेल, हेही खोटं बोलायला लागले, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे. तिची सुटका होईपर्यंत येऊ नका."

मी बरं म्हटलं. आतून खाट करकरली.

"आई, कोण आलंय?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मला तसं म्हणता येणार नाही.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "तू पडून राहा."